मूकत्व, साक्षरता आणि संज्ञापन : गिरणगावाच्या संदर्भात भाषिक कौशल्यांचा विचार

१. प्रास्ताविक

विद्यापीठीय अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक मराठी’ आणि ‘उपयोजित मराठी’ या विषयांना स्थान मिळाल्यापासून श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही चार भाषिक कौशल्ये मराठीच्या प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाची झाली आहेत. या विषयांच्या पाठ्यपुस्तकांची मांडणी बहुधा ठरीव असते. प्रथम संज्ञापनाची व्याख्या, त्यानंतर प्रेषक, संदेश आणि ग्राहक यांची आकृती, मग चार कौशल्यांचा क्रमाने परिचय आणि अखेरीस अर्ज, इतिवृत्त, जाहिरात यांचे नमुने. ही मांडणी सोयीची आहे, परंतु तिच्या मुळाशी दोन गृहीते आहेत व ती सहसा तपासली जात नाहीत. भाषिक कौशल्य ही व्यक्तीच्या मालकीची गोष्ट आहे, हे पहिले गृहीत. श्रवणापासून लेखनापर्यंतचा क्रम हा विकासाचा क्रम असून लेखन ही त्यातील सर्वांत वरची पायरी होय, हे दुसरे. या दोन गृहीतांमधून एक निष्कर्ष न सांगताच निघतो : ज्याला लिहितावाचता येत नाही तो संज्ञापनाच्या दृष्टीने अपुरा माणूस होय.

प्रस्तुत लेखात या गृहीतांची तपासणी एका ठोस भाषिक समाजाच्या आधारे करावयाची आहे. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, भायखळा, वरळी आणि दादरच्या काही भागापर्यंत पसरलेल्या गिरणगावाचा तो समाज. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली, तेव्हापासून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंतच्या सव्वाशे वर्षांत कोकणातून व घाटावरून आलेल्या लक्षावधी माणसांनी येथे आपला भाषिक व्यवहार उभा केला. त्यांतील पुष्कळजण निरक्षर होते. ते मूक मात्र नव्हते. निरक्षरता आणि मूकत्व या दोन अवस्था वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केल्यामुळे आपले कौशल्यविषयक अध्यापन अपुरे राहते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. संज्ञापनाचे घटक आणि साचेखात्यातील गोंगाट

रोमान याकबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषिक संज्ञापनाचे सहा घटक सांगितले : प्रेषक, ग्राहक, संदेश, संदर्भ, संपर्क आणि संकेतव्यवस्था. यांपैकी ज्या घटकावर भर पडेल त्यानुसार भाषेचे कार्य बदलते. त्याआधी, १९४८ मध्ये, क्लॉड शॅनन यांनी दूरसंचाराच्या गणिती विचारातून ‘गोंगाट’ ही संकल्पना पुढे आणली होती. संदेश वाहून नेणाऱ्या मार्गात जे काही व्यत्यय आणते तो गोंगाट. त्यावर मात करण्याचा एक मार्ग म्हणजे संदेशातील काही अंश पुन्हापुन्हा देणे, म्हणजे पुनरुक्ती.

वर्गात ही संकल्पना रूपकासारखी शिकवली जाते. गिरणीच्या साचेखात्यात ती अक्षरशः खरी होती. शेकडो माग एकाच वेळी चालू असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे. तेथे संपर्क हा घटक जवळजवळ नाहीसा होई आणि त्याची जागा हातवारे, ओठांच्या हालचाली, खांद्यावरचा स्पर्श यांना घ्यावी लागे. धागा तुटला, मुकादम आला, पाणी पिऊन येतो, जरा माझा साचा बघ, असे व्यवहार खुणांनी चालत. या खुणांना शब्दकोश नव्हता व व्याकरणाचे पुस्तकही नव्हते, पण त्या समूहाने मान्य केलेल्या असल्यामुळे त्यांत संदिग्धता कमी होती. संकेतव्यवस्था ही समूहाच्या संमतीवर उभी असते, हे भाषाविज्ञानातील प्राथमिक तत्त्व समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

गिरणीच्या भोंग्याचा विचारही येथे करता येईल. भोंगा ही चिन्हव्यवस्थाच होती. पाळीची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्या अर्थाने केवळ कामगारच नव्हे तर चाळीतील स्वयंपाक, नळावरची रांग, मुलांची शाळा हे सारे बांधले गेले होते. तथापि भोंगा म्हणजे भाषा नव्हे. चार्ल्स हॉकेट यांनी मानवी भाषेची जी व्यवच्छेदक लक्षणे सांगितली, त्यांत दूरस्थ आणि अनुपस्थित गोष्टींविषयी बोलण्याची शक्ती, नवनवी विधाने घडवण्याची क्षमता आणि प्रेषक-ग्राहकांच्या भूमिकांची अदलाबदल यांचा समावेश होतो. भोंग्यात यांपैकी काहीच नाही. विशेषतः तिसरे लक्षण महत्त्वाचे आहे. भोंगा कामगाराला बोलावू शके, परंतु कामगाराला भोंग्याला उलट प्रश्न विचारता येत नसे. ज्या व्यवहारात एकानेच सांगावयाचे आणि दुसऱ्याने केवळ ऐकावयाचे असते, तो संज्ञापनाऐवजी इशाऱ्याच्या पातळीवर राहतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

साचेखात्यातील खुणांच्या भाषेचे कौतुक करताना दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. स्पर्शास्पर्शाच्या कल्पनेमुळे इतर कामगार अस्पृश्य मानलेल्या कामगारांना या खात्यात येऊ देत नसत, आणि तुलनेने अधिक पगाराचे हे काम त्यांना नाकारले जाई. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. भाषिक समाज म्हणजे समानांचा समाज असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात कोणी कोणाशी, कोठे उभे राहून बोलावयाचे हे भाषेबाहेरच्या सत्तेने आधीच ठरवलेले असते.

३. श्रवण आणि भाषण : शाहिरीचे कार्य

गिरणगावात एकच मराठी बोलली जात नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातून (आजच्या सिंधुदुर्गासह) आलेल्यांची कोकणी वळणाची बोली आणि मालवणी, सातारा-सांगली-कोल्हापूरकडील घाटावरची बोली, शिवाय उत्तरेकडील कामगारांशी बोलताना वापरली जाणारी बंबइया हिंदी असे अनेक संकेत तेथे एकत्र नांदत होते. गावकीच्या खोल्यांमुळे एकेका गावचे लोक एकत्र राहत आणि बोली टिकून राही. खाते, नाका आणि सभा या ठिकाणी मात्र या बोली एकमेकींना भेटत. एकाच माणसाला खोलीवर एक, खात्यात दुसरी आणि सभेत तिसरी भाषा वापरावी लागे. डेल हाइम्स यांनी ज्याला संज्ञापनक्षमता म्हटले, म्हणजे केव्हा, कोणाशी, कशा रीतीने बोलावे याचे ज्ञान, ती क्षमता या माणसांकडे विपुल होती. व्याकरणाच्या परीक्षेत ती मोजली जात नाही, एवढेच.

अशा बहुबोली श्रोतृसमूहापुढे उभे राहून बोलण्याचे कौशल्य शाहिरांनी विकसित केले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथकाची स्थापना केली. या पथकाने तमाशाचा घाट घेतला आणि त्याचे लोकनाट्यात रूपांतर केले. येथे संज्ञापनाच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, श्रोत्यांना परिचित असलेला घाट नव्या आशयासाठी वापरल्यामुळे संकेतव्यवस्था आधीच तयार मिळाली. दुसरी, धृपद व झीलकऱ्यांची साथ यांमुळे पुनरुक्ती साधली गेली. उघड्या मैदानावर, हजारोंच्या गर्दीत, एखादी ओळ निसटली तरी ती पुन्हा येणारच असते. शॅनन यांनी गणिताने सांगितलेले तत्त्व शाहिरी परंपरेने शतकानुशतके आचरणात आणले होते. तिसरी, श्रोता येथे निष्क्रिय नव्हता. टाळी, शिट्टी, हशा, ‘जी जी’ची साथ यांतून त्याचे उत्तर तत्काळ मिळे आणि शाहीर त्यानुसार आपले सादरीकरण बदलत असे.

आपल्या अध्यापनात श्रवण हे सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे. ते ‘आपोआप येते’ अशी समजूत आहे. गिरणगावचा श्रोता दीर्घ काळ, उभ्याने, भाषणे व पोवाडे ऐकत असे. त्यातील युक्तिवाद दुसऱ्या दिवशी खात्यात व खाणावळीत पुन्हा मांडत असे. जे लिहून ठेवता येत नाही ते नीट ऐकावे लागते, कारण ते पुन्हा पाहता येणार नाही. निरक्षर समाजात श्रवण ही प्राथमिक पायरी राहत नाही, तर ज्ञान साठवण्याचे प्रमुख साधन बनते. खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांचा महिन्याचा उधारीचा हिशेब याच स्मरणशक्तीवर चाले. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मधील ग्रंथात मौखिक आणि लिखित मनोव्यापारांचा जो भेद मांडला, त्याचा पडताळा येथे घेता येतो. मात्र ऑंग यांच्या मांडणीप्रमाणे गिरणगाव हा शुद्ध मौखिक समाज नव्हता. लेखन तेथे सर्वत्र होते, फक्त ते प्रत्येकाच्या हातात नव्हते.

४. वाचन आणि लेखन : दुसऱ्याच्या हाताने

गिरणगावातील वाचन हे मुख्यतः सामूहिक होते. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचावयाचे आणि चार-सहा जणांनी ऐकावयाचे, मध्येच थांबवून अर्थ विचारावयाचा, मत द्यावयाचे, ही पद्धत चाळीच्या व्हरांड्यात आणि नाक्यावर रूढ होती. नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सभेची सूचना एकाने वाचली की ती तोंडोतोंडी साऱ्या वस्तीत पोचे. वाचणारा एक आणि वाचक अनेक, अशी ही स्थिती होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये यांच्या द्वारे या वाचनाला संस्थात्मक आधार दिला. गिरगावात मुद्रण आणि नियतकालिके यांची परंपरा सुशिक्षित मध्यमवर्गाच्या भोवती वाढली. गिरणगावात छापील शब्द एका साक्षर माणसाच्या आवाजातून पुढे गेला. दोन्ही ठिकाणी वाचनच घडत होते.

लेखनाची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. गावाकडे पत्र पाठवावयाचे तर ते लिहून घ्यावे लागे. खोलीतील एखादा शिकलेला मुलगा, ओळखीचा कारकून, रात्रशाळेत जाणारा सोबती हे काम करी. मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशासाठी असलेल्या चार बोटे जागेत कितीतरी संसारांचा पत्रव्यवहार मावत असे. अशा पत्रांत ठरीव मायने, खुशाली, पैशांचा तपशील, शेतीची चौकशी आणि थोरामोठ्यांस नमस्कार एवढेच प्रामुख्याने येणार हे उघड आहे. याचे कारण कामगाराच्या शब्दसंपत्तीत शोधणे चुकीचे ठरेल. पत्र सांगताना आजूबाजूला खोलीतील माणसे बसलेली असत, आणि गावी ते पोचल्यावर पोस्टमन किंवा शाळेतले पोर ते घरच्या सर्वांसमोर वाचून दाखवणार हे ठाऊक असे. पत्नीला सांगावयाचे जे खरे बोलणे, ते या मार्गाने जाऊच शकत नव्हते. दुसऱ्याच्या हाताने लिहिता येते, परंतु दुसऱ्याच्या हाताने एकांत मिळत नाही. साक्षरतेचा पहिला लाभ माहिती मिळणे हा नसून खासगीपणा मिळणे हा आहे, असे यावरून म्हणता येईल. साक्षरतेच्या चर्चेत हा लाभ क्वचितच सांगितला जातो.

जे पत्रात लिहिता येत नव्हते त्याला शाहिरीने सार्वजनिक रूप दिले. अण्णाभाऊ साठे यांची गावी राहिलेल्या मैनेवरची छक्कड या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मुंबईत पोटासाठी आलेल्या कामगाराचा विरह हा तिचा आरंभबिंदू आहे, आणि त्याच विरहाचा विस्तार करीत ती संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखापर्यंत जाते. समीक्षेने तिच्या राजकीय रूपकाची दखल घेतली आहे. संज्ञापनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की, हजारो पत्रांतून वगळले गेलेले बोलणे येथे मैदानावर, सर्वांसमक्ष, कोणाचीही लाज न वाटता उच्चारले गेले. खासगी भावना खासगी मार्गाने व्यक्त करण्याची सोय नसल्यामुळे ती सामूहिक कलेत आली. याकबसन यांचे काव्यात्म कार्य आणि भावनिष्ठ कार्य येथे परस्परांत मिसळून जाते, आणि राजकीय आवाहन त्यांच्यावरच उभे राहते.

५. मूकत्व : बोलता येणे आणि ऐकले जाणे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. निरक्षर माणूस ऐकू शकतो, बोलू शकतो, दुसऱ्यामार्फत वाचू आणि लिहूही शकतो. मग तो मूक केव्हा ठरतो?

या प्रश्नाचे उत्तर परळच्याच इतिहासात मिळते. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळ येथे गिरणी कामगारांची सभा झाली आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने एक निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांची मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्यास साहाय्य अशा त्यातील मागण्या होत्या. लोखंडे काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते आणि ‘दीनबंधू’ हे पत्र चालवीत होते. म्हणजे खात्यातील बोली आणि सरकारदरबारी चालणारी लेखी भाषा या दोहोंत त्यांचा संचार होता. कामगारांना काय हवे आहे हे कामगारांना पूर्वीपासून ठाऊक होते व ते आपापसांत बोलतही होते. लोखंडे यांनी त्या बोलण्याला असे रूप दिले की सरकारला व गिरणीमालकांना त्याची नोंद घेणे भाग पडावे. पुढे एप्रिल १८९० मधील कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केल्याची नोंद आढळते. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारच्या सुटीची मागणी मान्य केली. भाषण आणि लेखन यांचे हे सहकार्य आहे. त्यांत वरची पायरी कोणती आणि खालची कोणती हे ठरवणे निरर्थक होय.

दुसरे उदाहरण १९२० चे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकर यांच्या प्रेरणेने ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. त्याची कचेरी परळच्या पोयबावडी भागात होती. या नावातील ‘मूक’ हा शब्द काळजीपूर्वक वाचावयास हवा. ज्यांच्यासाठी हे पत्र निघाले त्यांना बोलता येत नव्हते असे नाही. त्यांची स्वतःची समृद्ध मौखिक परंपरा होती, कीर्तन-भजन होते, जलसे होते. तरीही ते मूक होते, कारण त्यांचे बोलणे जेथे पोचावयास हवे तेथे नेणारे माध्यम त्यांच्या हाती नव्हते. मूकत्व हा वाणीचा दोष नसून व्यवस्थेतील त्यांच्या स्थानाचा परिणाम होता, असे या एका शब्दाने सुचवले. संज्ञापनशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे प्रेषक आहे, संदेश आहे, संकेतव्यवस्थाही आहे. नाही तो संपर्क, आणि ऐकण्यास तयार असलेला ग्राहक.

तिसरे उदाहरण अधिक जवळच्या काळातील आहे. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये एखाद्या उद्योगात ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता मिळालेल्या संघटनेलाच मालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार होता. कापडउद्योगात ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १९८२ चा संप डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पगारवाढीबरोबरच या कायद्यात बदल व्हावा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. सभा प्रचंड होत होत्या, भाषणे होत होती, पत्रके निघत होती. भाषिक कौशल्याची उणीव कोठेच नव्हती. परंतु कायद्याच्या दृष्टीने हे बोलणे अधिकृत नव्हते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियेर बूर्द्यू यांनी १९८२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शब्दांचे सामर्थ्य शब्दांत नसते, बोलणाऱ्यास समाजाने दिलेल्या अधिकारात असते. लालबाग-परळमधील कामगार हेच अनुभवत होता. भोंग्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, ही बाब आता कायद्याच्या भाषेत त्याच्यापुढे उभी राहिली होती. संपाच्या अपयशास आर्थिक व राजकीय कारणे अनेक आहेत आणि त्यांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. येथे एवढेच नोंदवावयाचे की, संज्ञापन फसते तेव्हा दोष नेहमीच बोलणाऱ्याच्या कौशल्यात असतो असे नाही.

६. संपानंतर : बोली आणि कागद

संपानंतरच्या काळात या भाषिक समाजाची दोन अंगांनी स्थित्यंतरे झाली. एकीकडे गिरण्या, खाणावळी आणि गावकीच्या खोल्या विरळ होत गेल्या, तशी बोलींची एकमेकींशी गाठ घालून देणारी ठिकाणेही विरळ झाली. नेमक्या याच काळात ही बोली साहित्यात ठळकपणे आली. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी कामगाराचा उच्चार मराठी कवितेत आधीच रुजवला होता. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने संपानंतरच्या गिरणी कामगार कुटुंबाचे घरातले, तुटक, एकमेकांना न ऐकणारे संवाद रंगभूमीवर आणले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्यांचे बोलणे हवेत विरले असते ते अशा रीतीने लेखनात सुरक्षित झाले.

दुसरीकडे, लेखन न येण्याची खरी किंमत याच काळात मोजावी लागली. गिरणी चालू होती तेव्हा माणसाची ओळख मुकादम, सोबती, गाववाले यांच्या शब्दावर पटत असे. गिरणी बंद झाल्यावर ती कागदावर आली. २०१२ पासून म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी सोडती काढल्या, तेव्हा अमुक गिरणीत अमुक काळ काम केले हे कागदपत्रांनी सिद्ध करणे आवश्यक ठरले. ‘मला सगळे ओळखतात’ हे विधान अर्जाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. मौखिक संज्ञापन ज्या समूहावर अवलंबून असते तो समूह विखुरला की त्याची साक्षही संपते, आणि उरतो तो फक्त लेखी पुरावा. म्हणून मौखिकतेचे गुण सांगताना साक्षरतेचे महत्त्व कमी लेखणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाचे कार्य या संदर्भात उद्बोधक आहे. तोंडी हिशेबात तरबेज असलेल्या स्त्रियांना बँकेच्या कर्जापर्यंत न्यावयाचे म्हणजे त्यांच्या तोंडी व्यवहाराला लेखी व्यवहाराची जोड देणे. त्यांना हिशेब शिकवण्याची गरज नव्हती, त्यांचा हिशेब बँकेला वाचता येईल अशा रूपात आणण्याची गरज होती.

७. समारोप : अध्यापनाच्या दृष्टीने

वरील विवेचनातून अध्यापनासाठी काही सूत्रे हाती लागतात. चार कौशल्ये ही एका शिडीच्या पायऱ्या नसून एकमेकांच्या आधाराने चालणारे व्यवहार आहेत. त्यांचे वाटप समाजात होते, त्यामुळे एका व्यक्तीजवळ चारही नसली तरी समूहाचे संज्ञापन अडत नाही. तथापि जे काम दुसऱ्यामार्फत होते त्यात एकांत आणि स्वाधीनता गमवावी लागते, म्हणून प्रत्येकाला लिहितावाचता येणे आवश्यकच आहे. आणि चारही कौशल्ये आत्मसात झाली तरी ऐकणारा नसेल तर संज्ञापन पूर्ण होत नाही.

अर्जलेखन शिकवताना अध्यापकाने नमुन्याबरोबर एक प्रश्नही वर्गापुढे ठेवावा : हा अर्ज वाचणारा कोण, आणि त्याने तो न वाचल्यास अर्जदाराजवळ कोणता मार्ग उरतो? श्रवणकौशल्याच्या तासिकेस विद्यार्थ्यांना परिसरातील निवृत्त कामगार, खाणावळवाल्या स्त्रिया, भजनी मंडळांतील वृद्ध यांच्याकडे पाठवावे. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत, दुरुस्त्या न करता, टिपून घेण्यास सांगावे व मग ते लिखित मराठीत आणताना काय सुटले याची चर्चा करावी. प्रमाणभाषा आणि बोली यांच्यातील अंतर व्याख्यानातून जेवढे कळते त्याहून अधिक या एका स्वाध्यायातून कळेल. मुंबईतील महाविद्यालयांना अशा स्वाध्यायासाठी दूर जावे लागणार नाही. परळ-लालबागच्या चाळींत १९८२ चा संप पाहिलेली माणसे अजून आहेत. मात्र त्यांची संख्या दरवर्षी घटणार हे उघड आहे. श्रवण हे कौशल्य पुढे ढकलता येत नाही, ही त्याची मर्यादा अध्यापकाने आणि अभ्यासकाने सारखीच ध्यानात ठेवावयास हवी.